बुडालेल्या नाण्यांची साक्ष

समुद्राच्या तळाशी सोन्यारुप्याच्या राशी पडल्या आहेत, अशा गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांतील बहुतेक कल्पित असतात. पण एखादी खरीही ठरते.

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यापासून काही अंतरावर ‘ग्रेट बासेस’ नावाची खडकांची रांग आहे. तेथे लाटा अखंड फुटत असतात आणि एक जुने दीपगृह जहाजांना सावध करीत उभे असते. १९६१ साली माइक विल्सन हे पाणबुडे दोन किशोरवयीन मुलांसह या खडकांजवळ पाण्यात उतरले. तेथे त्यांना एक लहान पितळी तोफ आणि चांदीची नाणी आढळली. विल्सन यांचे मित्र व विख्यात लेखक आर्थर क्लार्क यांनी पुढे या शोधाची हकीकत ग्रंथरूपाने लिहिली.

त्या नाण्यांचे दगडासारखे घट्ट गोळे झाले होते. एकेका थैलीत सुमारे हजार नाणी भरलेली होती. थैलीचे कापड केव्हाच कुजून गेले. परंतु नाणी एकमेकांना चिकटून थैलीचा आकार तसाच राहिला. बाहेरची नाणी काळवंडली व झिजली होती. आतली मात्र टांकसाळीतून नुकतीच आल्यासारखी होती.

आता अशी कल्पना करा, की कोणी एक नाणे तुमच्या हातावर ठेवून म्हणाला, “हे त्याच जहाजावरचे आहे.” त्याचे बोलणे खरे कशावरून मानावे? जुन्या नाण्यांच्या नकला करणारे लोक पुष्कळ असतात. म्हणून परीक्षक घाई करीत नाही. तो नाण्याचीच उलटतपासणी घेतो.

प्रथम तो नाणे वाचतो. ही नाणी औरंगजेबाच्या रुपयांची असून त्यांवर फारसी अक्षरे आहेत. एका बाजूस बादशहाचे नाव व हिजरी सन १११३, तर दुसऱ्या बाजूस सुरतेच्या टांकसाळीचे नाव व बादशहाच्या राज्यारोहणापासूनचे वर्ष असते. या दोन वर्षांचा मेळ बसला पाहिजे. हिजरी १११३ मध्ये औरंगजेबाच्या कारकिर्दीचे ४५ वे व ४६ वे वर्ष येते. नाण्यावर १११३ च्या जोडीला भलताच आकडा असेल, तर परीक्षकाच्या मनात संशय उत्पन्न होतो.

नंतर तो नाण्याची घडण पाहतो. त्या काळी चांदीची चकती दोन ठशांमध्ये धरून वर हातोड्याचा घाव घालीत. ठसा चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे लेखाचा काही भाग बाहेर राही आणि प्रत्येक नाणे थोडे निराळे होई. नकली नाणे पुष्कळदा साच्यात ओतलेले असते. त्याची अक्षरे बोथट दिसतात आणि कडेला साच्याच्या सांध्याची रेघ राहते. दोन नाण्यांवर चरा न् चरा सारखाच आढळला, तर ती एकाच साच्यातून निघाली असावीत, हे उघड आहे.

मग तराजूची पाळी येते. मोगल रुपयाचे वजन सुमारे ११.५ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एक तोळा असे. इतक्या वजनाचे चांदीचे नाणे पाण्यात बुडवून तोलले, तर वजन सुमारे १.१ ग्रॅमने कमी भरते. तेवढ्याच वजनाचे तांब्याचे नाणे असेल, तर ही घट १.३ ग्रॅमच्या आसपास जाते. आर्किमिडीजचा नियम येथे असा उपयोगी पडतो. मात्र समुद्राने झिजवलेले खरे नाणेही वजनाला हलके भरते. म्हणून एकाच कसोटीवर विसंबून चालत नाही. सर्व कसोट्यांची साक्ष जुळावी लागते.

नाणे खरे ठरले, तरी त्याचे मोल किती, हा प्रश्न उरतोच. एक मोल चांदीचे. ते सराफही सांगेल. दुसरे मोल संग्राहकाचे. नाणे किती दुर्मिळ आहे आणि अक्षरे किती स्पष्ट आहेत, यावर ते ठरते. तिसरे मोल ज्ञानाचे; आणि ते पैशांत मोजता येत नाही.

गोळ्यांतील सारी नाणी एकाच टांकसाळीची आणि एकाच वर्षाची होती. व्यापाऱ्यांच्या हातोहात फिरलेला पैसा असता, तर त्यात अनेक वर्षांची नाणी मिसळली असती. म्हणजे ही रक्कम टांकसाळीतून फारशी कोठे न फिरता जहाजावर चढली असली पाहिजे. हिजरी १११३ म्हणजे इ. स. १७०१–०२. तेव्हा हे जहाज १७०१ पूर्वी बुडालेले असणे शक्य नाही. त्याच वर्षी औरंगजेब सह्याद्रीत विशाळगडाला वेढा घालून बसला होता. इकडे मराठ्यांशी झुंज चालू असता तिकडे सुरतेचे नवे रुपये समुद्रमार्गे दूर निघाले होते, हे आपल्याला त्या मुक्या थैल्यांनी सांगितले.

पाणबुड्यांनी ते गोळे फोडून नाणी गुपचूप एकेकटी विकली असती, तर चांदी उरली असती, इतिहास गेला असता. एकटे नाणे आपले वर्ष सांगते. त्याच्या शेजारी कोण होते, हे ते सांगू शकत नाही. म्हणूनच तुम्हांला शेतात किंवा किनाऱ्यावर जुने नाणे सापडले, तर ते चिंच लावून घासू नका व आसपासची जागा उकरू नका. जागेची खूण लक्षात ठेवा आणि घरच्या मोठ्या माणसांना व गुरुजींना सांगा. जमिनीत सापडलेल्या धनाची वर्दी जिल्हाधिकाऱ्याला द्यावी, असा १८७८ सालचा कायदाही आपल्या देशात आहे.

नाणे खरे की खोटे, हे नाणेच सांगते. ते कोठे व कसे सापडले, हे मात्र माणसाने प्रामाणिकपणे सांगावे लागते.

स्वाध्याय
१. साच्यात ओतलेले नकली नाणे परीक्षक कसे ओळखतो?
२. जहाज १७०१ पूर्वी बुडालेले नाही, असे कशावरून ठरले?
३. ‘चांदी उरली असती, इतिहास गेला असता’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.