नव्वी आधी, दुर्री मागून

हॉस्टेलवर ब्रिज खेळणारे पुष्कळ, पण बोली लावण्यात जेवढा उत्साह तेवढा बचावात नाही. माझंही तेच होतं. गेल्या सेमिस्टरला ते भिडूला महागात पडलं.

समोरच्यांची बोली चार इस्पिक. त्यांना १० हात हवेत, मोडायला आम्हाला ४. भिडूनं बदामचा एक्का उतरला. माझ्याकडे बदामची नव्वी आणि दुर्री, बस्स. मोठं पान कशाला घालवा, म्हणून मी दुर्री टाकली! भिडूकडे राजाही होता. पण लहान पान म्हणजे 'हा रंग नको', असं आमचंच ठरलेलं. त्यानं बिचाऱ्यानं चौकट खेळली. समोरच्यानं हुकूम काढून घेतले आणि डाव केला.

नव्वी आधी टाकली असती तर त्यानं राजा खेळला असता, त्यावर माझी दुर्री, आणि तिसऱ्या बदामला मी हुकूम मारला असता. किलवरचा एक्का माझ्याकडे होताच. झाले की चार! राणीसह तीन पानं असली तरी असंच, राणीखालचं मोठं पान आधी.

खूण मात्र पानानंच करायची. खोकणं, पान आपटणं नियमात बसत नाही. १९७५ साली बर्म्युडातल्या जागतिक स्पर्धेत इटलीच्या एका जोडीला टेबलाखाली पायाला पाय लावल्याबद्दल तंबी मिळाली होती. शिवाय खुणेचा अर्थ समोरच्यांनी विचारला तर सांगावा लागतो.

भिडू दोन दिवस मेसमध्ये दुसऱ्या टेबलावर बसला. आज रात्री पुन्हा खेळायचं ठरलंय.