जुन्या मोटारीस कोणतें तेल घालावें?

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या दारीं एखादी जुनी मोटार किंवा जीप उभी असते. तिनें दीड-दोन लाख किलोमीटरांचा पल्ला ओलांडलेला असतो. पंधरा वर्षांची पहिली नोंदणी संपून पुढील पांच वर्षांचें नूतनीकरणहि झालेलें असतें. आणि तरी बाजारच्या दिवशीं भाजीचे क्रेट, पेरणीच्या दिवसांत बियाण्यांच्या थैल्या व अपरात्रीं घरांतील आजारी माणूस तिच्याच भरंवशावर असतो. अशा गाडीच्या इंजिनांत कोणतें तेल घालावें, ही पृच्छा वारंवार होते. मिस्त्री म्हणतो, "गाडी जुनी झाली, आतां जाड तेल घाला." दुकानदार सर्वांत महागडा डबा पुढें करितो. दोन्ही सल्ल्यांत कांहीं तथ्य आहे. परंतु विचारावांचून ते पत्करल्यास इंजिन उघडण्याची पाळी येते, आणि तो खर्च कित्येकदां गाडीच्या विक्रीच्या किंमतीहून जास्त भरतो.

प्रथम जाड-पातळपणाचा विचार करूं. ज्यांनीं गुऱ्हाळ पाहिलें आहे त्यांस हें सांगण्यास फार शब्द नकोत. कढईंतील काकवी उकळती असतां सळसळ वाहते, तीच गार झाली म्हणजे पळीस चिकटून बसते. इंजिनाच्या तेलाची गत तीच. पहांटे तें दाट असतें, धांव सुरू झाली कीं पातळ होतें; आणि दोन्ही अवस्थांत त्यानें पोलादाच्या दोन पृष्ठभागांमध्यें आपला पातळ थर टिकवून धरावयाचा असतो. हें मोजण्याची पद्धति अमेरिकेंतील मोटार-इंजिनियरांच्या संस्थेनें, म्हणजे एस्. ए. ई. नें, १९११ सालीं प्रथम घालून दिली, व पुढें तींत वेळोवेळीं सुधारणा झाल्या. डब्यावर '२०डब्ल्यू-४०' असें लिहिलेलें असतें, त्यांतील 'डब्ल्यू' म्हणजे वजन नव्हे, तर इंग्रजींतील हिंवाळा या शब्दाचें तें आद्याक्षर आहे. पहिला आंकडा थंडींतील वर्तन दाखवितो, दुसरा १०० अंश सेल्सियसवरील जाडी. या उष्णतेस ३० च्या तेलाची जाडी ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक, ४० ची १२.५ ते १६.३, व ५० ची १६.३ ते २१.९ असते. म्हणजे एकाच आंकड्याच्या दोन डब्यांतहि बराच फरक असूं शकतो, हें ध्यानांत ठेवावें.

पहिल्या आंकड्याविषयीं आपल्याकडे उदासीनता फार. २०डब्ल्यू या वर्गाच्या तेलाची थंडींतील परीक्षा उणे १५ अंशांवर होते, १५डब्ल्यूची उणे २० अंशांवर. निफाडच्या कडाक्याच्या थंडींतहि पारा तितका खालीं जात नाहीं, तेव्हां महाराष्ट्रांत कोणत्याहि तेलानें इंजिन सुरू होईल. परंतु सुरू होणें निराळें आणि तेल वेळेवर वरपर्यंत पोंचणें निराळें. रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनांतील तेल तळाच्या टांकींत उतरलेलें असतें; पहांटे चावी फिरविल्यावर तें कॅमशाफ्टपर्यंत चढेतों धातूवर धातु घांसते. झिजेचा मोठा वांटा याच क्षणांचा. म्हणून इतर गोष्टी सारख्या असतां २०डब्ल्यूपेक्षां १५डब्ल्यू, किंवा पुस्तिकेंत परवानगी असल्यास १०डब्ल्यू, आम्ही अधिक पसंत करूं.

आतां मिस्त्रीच्या सल्ल्याकडे वळूं. झिजलेल्या इंजिनांत बेअरिंग व दांडा यांमधील फट वाढते, तींतून तेल लौकर निसटतें, आणि इंजिन तापल्यावर दाब उतरतो. जाड तेल हळू निसटतें, म्हणून दाबाचा कांटा वर चढतो व मालकास समाधान वाटतें. परंतु दाब म्हणजे प्रवाह नव्हे. बुजलेल्या पाटांतहि पाणी तुंबून वर चढतें, म्हणून शेवटच्या वाफ्यास तें पोंचलें असें कोणी म्हणत नाहीं. आमचें मत असें कीं, कारखान्याच्या पुस्तिकेंत दिलेला ग्रेड हाच पाया धरावा. पुस्तिकेंत हवामानाप्रमाणें दोन-तीन ग्रेड दिलेले असल्यास जुन्या गाडीस त्यांतील जाड बाजूचा घ्यावा. तेवढ्यानें भागलें नाहीं व खालीं सांगितलेली तपासणी झालेली असली, तरच एक पायरी चढावें, म्हणजे ३० ऐवजीं ४०, किंवा ४० ऐवजीं ५०. त्यापुढें जाऊं नये. ज्या इंजिनांत तेलाच्या दाबावर चालणारे टॅपेट आहेत, व्हॉल्व्हची वेळ तेलाच्या दाबानें बदलते, किंवा टर्बो आहे, त्यांच्या वाटा अरुंद असतात. तेथें ही एक पायरीसुद्धां विचारूनच चढावी.

तपासणी ती कोणती? तेल कमी होतें तें कोठें जातें, हें आधीं शोधावें. गाडी रात्रीं सपाट जागीं उभी करून खालीं पुठ्ठा घालावा. सकाळीं डाग पडले असतील तर गळती आहे, आणि बहुधा ती गॅस्केटची किंवा सीलची असते. डाग नाहींत पण तेल घटतें, तर तें जळत आहे. निळसर धूर तेलाचा, काळा धूर अधिक इंधनाचा. रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू करतांच निळा लोट येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हचे सील कडक झाले आहेत, व तें काम तुलनेनें स्वस्तांत होतें. चढावर, भार ओढतांना सतत निळा धूर येत असेल तर रिंगा किंवा सिलिंडर झिजले असा संशय धरावा. पेट्रोल इंजिनाची खात्री करण्याची जुनी युक्ति अशी: काँप्रेशन मोजावें, मग सिलिंडरांत थोडें तेल ओतून पुन्हां मोजावें. आंकडा बराच वाढला तर दोष रिंगांचा. न वाढला तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. डिझेल इंजिनावर मात्र हा प्रयोग करूं नये. एक कारण फारच वेळां नजरेआड होतें: इंजिनाच्या पोटांतील वाफ बाहेर काढणारी नळी काजळीनें बुजली म्हणजे आंतील दाब वाढून चांगल्या सीलांतूनहि तेल बाहेर पडूं लागतें. ही नळी साफ करण्यास कांहींच खर्च लागत नाहीं.

दुसरी गोष्ट डब्यावरील अक्षरांची. जाडी हा तेलाचा एक गुण झाला. त्याची प्रत अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे ए. पी. आय्. च्या, अक्षरांवरून कळते. 'एस्' नें सुरू होणारी प्रत पेट्रोल इंजिनाची, 'सी' नें सुरू होणारी डिझेलची. पुढील अक्षर जितकें नंतरचें तितकी प्रत नवी: पेट्रोलमध्यें एस्. एन्. २०१० ची व एस्. पी. २०२० ची, डिझेलमध्यें सी. एच्.-४ १९९८ ची, सी. आय्.-४ २००२ ची, व सी. के.-४ २०१६ च्या अखेरची. सामान्यतः नवी प्रत जुन्या इंजिनास चालते. एफ्. ए.-४ ही मात्र अपवाद आहे. तें तेल मुद्दाम पातळ केलेलें असून जुन्या डिझेल इंजिनांसाठीं नव्हे. उलट, घरांत काजळी-गाळणी असलेली नवी डिझेल गाडी असेल तर जुन्या जीपसाठीं आणलेला सी. आय्.-४ चा डबा तींत रिकामा करूं नये. त्या तेलाच्या राखेनें गाळणी भरते.

ज्यांच्याकडे अँबॅसॅडर किंवा प्रीमियर पद्मिनी अजून चालती आहे, त्यांनीं आणखी एक पाहावें. त्या इंजिनांत कॅमचा उंचवटा सपाट टॅपेटवर घांसत जातो, व त्या जागीं जस्त-फॉस्फरसयुक्त द्रव्यच झीज थोपवितें. धुराड्यांतील शुद्धीकरण-यंत्र बिघडूं नये म्हणून २००४ मध्यें आलेल्या एस्. एम्. प्रतीपासून १०डब्ल्यू-३० व त्याहून पातळ तेलांत फॉस्फरसची मर्यादा शेंकडा ०.०८ ठरली. १५डब्ल्यू-४० वा २०डब्ल्यू-५० यांसारख्या जाड तेलांस ती लागू नाहीं. म्हणून अशा गाड्यांस नवें पातळ तेल 'उंची' म्हणून घालणें हा उपकार नव्हे.

'हाय मायलेज' अशा नांवाचीं तेलेंहि निघालीं आहेत. अमेरिकेंत हा प्रकार २००० च्या सुमारास आला; तेथें ७५,००० मैलांवर, म्हणजे सुमारें १,२०,००० किलोमीटरांवर, गेलेल्या गाड्यांस तीं सुचवितात. त्यांत कडक झालेलें रबर मऊ करून किंचित् फुगविणारीं द्रव्यें व मळ धुणारीं द्रव्यें अधिक असतात. सील नुसता सुकला असेल तर दोन-तीन हजार किलोमीटरांत गळती कमी झालेली दिसूं शकते. सील फाटला असेल तर कोणतेंहि तेल त्यास शिवूं शकत नाहीं, आणि झिजलेली रिंग तर नाहींच. या नांवास ए. पी. आय्. ची स्वतंत्र प्रत नाहीं. तेव्हां नांव न वाचतां ग्रेड व अक्षरेंच वाचावींत. सिंथेटिक तेलानें जुनी गाडी हटकून गळूं लागते, ही समजूत आतां खरी धरूं नये. मात्र ज्या फटी मळानेंच बुजल्या होत्या त्या स्वच्छ तेलानें उघड्या पडतात, हें खरें. वर्षानुवर्षें न बदललेल्या तेलाचा गाळ ज्या इंजिनांत सांचला आहे, त्यांत झटपट धुणारें औषध ओतूं नये. सुटलेला गाळ पंपाच्या जाळीवर बसतो व इंजिन कोरडें पडतें. चांगलें तेल दोनदां लौकर बदलून गाळ हळूहळू काढावा.

तेल कोणतेंहि असो, काठी पाहण्याचा नेम मोडूं नये. जुन्या गाडीचें तेल दर आठवड्यास, सपाट जागीं, इंजिन बंद करून कांहीं मिनिटांनीं पाहावें, आणि किती घातलें तें वहींत किलोमीटरांसह टिपावें. दुधाची नोंद ठेवणाऱ्यास हें जड नाहीं. वरच्या खुणेपलीकडे भरूं नये. क्रँक तेल घुसळून फेंस करितो. तेल घातल्याविना पातळी वाढली तर आंत इंधन किंवा पाणी उतरत आहे. तेल ताकासारखें दिसलें तर पाणीच. अशा वेळीं गाडी चालविणें तात्काळ थांबवावें. गाडी थोडी चालली तरी वर्षांतून एकदां तेल व गाळणी दोन्ही बदलावीं, कारण थोड्या थोड्या धांवेंत आंतील ओल उडून जात नाहीं.

डबा सीलबंद पाहून पावतीसह घ्यावा, व रिकामा झाला कीं त्यास भोंक पाडूनच भंगारवाल्यास द्यावा. नाहीं तर तोच डबा भेसळ तेल भरून परत बाजारांत येतो. काढलेलें काळें तेल खांबांस फांसणें, गोचिडांसाठीं जनावरांस चोळणें किंवा बांधावर ओतणें सर्वस्वी वर्ज्य समजावें. त्यांत धातूंचे कण व जळकीं द्रव्यें असतात, तें दीर्घकाळ त्वचेस लागल्यास कर्करोगाचा धोका असतो, व पावसाबरोबर तें विहिरीच्या झऱ्यांत उतरतें. २०१६ च्या नियमांप्रमाणें तें घातक टाकाऊ द्रव्यांत मोडतें. झांकणाच्या डब्यांत सांठवून तें परवानाधारक संकलकाकडे जाईल अशा गॅरेजमध्यें द्यावें.