चिंबोरीची पिल्ले कोणत्या पाण्यात जगतात?



खार भाताच्या पाहणीसाठी खाडीकाठी फिरताना एक प्रश्न हमखास विचारला जातो, "पोटाखाली अंडी असलेली चिंबोरी तळ्यात सोडली, तर पिल्ले तळ्यातच तयार होतील ना? मग बियाणे विकत कशाला घ्यायचे?" प्रश्न रास्त आहे; पण उत्तर 'नाही' असे आहे. ज्या पाण्यात मोठी चिंबोरी धष्टपुष्ट होते, त्याच पाण्यात तिची पिल्ले मरतात. असे का होते, हे समजून घेतल्यास आपला पैसा वाचेल आणि खाडीतील चिंबोरीही टिकेल.

खार जमिनीत भात करणाऱ्यांना हे नवीन नाही. भाताचे रोप कोवळे असताना व पुढे फुलोऱ्यात क्षाराला फार नाजूक असते, मधल्या काळात ते बरेच सोसते. चिंबोरीचेही वयाप्रमाणे सोसणे बदलते. फरक एवढाच, की भाताच्या रोपाला खारे पाणी मारते, तर चिंबोरीच्या अळीला गोडे पाणी मारते.

जीवनक्रम

नर-मादीचा संग खाडीत होतो. त्यानंतर मादी उघड्या समुद्राकडे जाते. एका मादीच्या पोटाखाली लाखो अंडी असतात. ती सुरुवातीस नारिंगी असतात व उबताना काळपट होत जातात. कोमट पाण्यात साधारण १० ते १५ दिवसांत त्यातून डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या अळ्या बाहेर पडतात. या अवस्थेस 'झोइया' म्हणतात. झोइया पाच वेळा कात टाकते व सुमारे अडीच-तीन आठवड्यांत तिची 'मेगालोपा' होते. मेगालोपाला नांग्या असतात. ती किनाऱ्याकडे व खाडीकडे सरकते आणि आणखी आठ-दहा दिवसांत तिचे छोटे खेकडे बनते. पुढे ते कांदळवनाच्या चिखलात वाढते.

क्षारता

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. झोइयाला २८ ते ३५ ग्रॅम क्षारतेचे पाणी मानवते. क्षारता १५ ग्रॅमच्या खाली गेली, तर ती तग धरत नाही. मोठ्या चिंबोरीचे कल्ले शरीरातील क्षारांचा तोल सांभाळतात. अळीत ही व्यवस्था अजून तयार झालेली नसते. पाणी गोडे झाले की ते तिच्या शरीरात शिरते, ती सुस्त होते, कात टाकताना अडकते व तळाशी जाते. मेगालोपा मात्र थोडे कमी खारे पाणी सोसते. म्हणूनच तिला खाडीत शिरता येते.

आता आपले तळे पाहा. जून ते सप्टेंबर या काळात कोकणातील खाड्यांचे वरच्या भागातील पाणी जवळजवळ गोडे होते. अशा वेळी तळ्यात उबलेली अंडी म्हणजे पाण्यात टाकलेले पैसे.

तापमान

२८ ते ३० अंश सेल्सिअस तापमान अळीला चांगले. २० अंशांच्या खाली तिची वाढ फारच मंदावते, तर फार गरम पाण्यात कात टाकताना मर वाढते. समुद्राचे पाणी दिवसरात्रीत फारसे बदलत नाही. उथळ तळे मात्र दुपारी तापते व पहाटे गार होते. हा चढउतार अळीला झेपत नाही.

अन्न व पाण्याची स्वच्छता

अळीजवळ साठवलेले अन्न थोडेच असते. बाहेर पडल्यावर पहिल्याच दिवशी तिच्या तोंडासमोर सूक्ष्म जीव हवेत. बीजोत्पादन केंद्रात प्रथम रोटिफर व नंतर आर्टेमिया देतात. उरलेले अन्न कुजले की अमोनिया वाढतो, तसेच बुरशी व जिवाणूंचा प्रादुर्भाव होतो. पाचव्या झोइयाची मेगालोपा होताना मर सर्वात जास्त होते. मेगालोपा तर एकमेकींनाच खाते. तमिळनाडूत राजीव गांधी सेंटर फॉर ॲक्वाकल्चर या संस्थेचे खेकड्याचे बीजोत्पादन केंद्र आहे. अशा ठिकाणी तापमान, क्षारता व अन्न यांवर सतत लक्ष ठेवूनही शंभर अळ्यांतून मोजकीच पिल्ले हाती येतात.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१) अंडीवाली मादी जाळ्यात आली, तर ती विकू नये व तळ्यातही कोंडू नये. खाडीच्या मुखाशी, समुद्राकडील पाण्यात सोडावी. बाजारात तिचे पैसे एकदाच मिळतात.

२) पिल्ले खात्रीच्या केंद्रातूनच घ्यावीत. घेताना तेथील पाण्याची क्षारता विचारून लिहून ठेवावी.

३) आपल्या तळ्याची क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने मोजावी. वाढीसाठी एक लिटरला १० ते २५ ग्रॅम क्षारता योग्य असते.

४) पिल्ले एकदम ओतू नयेत. त्यांच्या भांड्यात तळ्याचे पाणी थोडे थोडे मिसळून दोन-तीन तासांत सवय लावावी. सोडण्याचे काम सकाळी लवकर किंवा सायंकाळी करावे.

५) तळ्यात फुटकी कौले, पाइपचे तुकडे व जुन्या जाळ्या टाकाव्यात. कात टाकलेले मऊ पिल्लू लपले नाही, तर दुसरे त्याला खाते.

६) बांधाकडील कांदळवन तोडू नये. समुद्रातून जिवंत परतलेल्या पिल्लांची तीच रोपवाटिका आहे.

भाताचे बी पेरण्यापूर्वी आपण वाफसा पाहतो. चिंबोरीच्या बाबतीतही आधी पाणी पाहावे आणि मगच पैसा घालावा.