खड्डा बुजवण्याचा हिशेब

पावसाळा आला की मेसमध्ये दोन विषय हमखास निघतात : पातळ आमटी आणि रस्त्यावरचे खड्डे. आमटीवर माझ्याकडे उपाय नाही! खड्ड्यांचा हिशेब मात्र कुठल्याही ब्रँचच्या विद्यार्थ्याला जमेल असा आहे.

डांबरी रस्त्याचा खरा शत्रू म्हणजे पाणी. ते भेगेतून आत शिरते, खडीवरचे डांबर सुटते, खालचा थर मऊ पडतो. मग चाकांचा मार बसला की तुकडा निघतो आणि खड्डा तयार! तो बुजवण्याच्या आपल्याकडच्या तीन पद्धती पाहू.

पहिली, मुरूम-खडी टाकून मोकळे होणे. दुसरी, कोल्ड मिक्स : हे मिश्रण तापवावे लागत नाही, खड्ड्यात भरून दाबायचे. तिसरी, खड्डा चौकोनी कापून, साफ करून, टॅक कोट मारून त्यात हॉट मिक्स भरायचे आणि रोलर फिरवायचा.

आता गणित. आकडे केवळ उदाहरणादाखल धरले आहेत. मुरमाचे सामान ५० रुपये, पण मजूर, ट्रक यांच्या फेरीचे ४००, एकूण ४५०. टिकतो पंधरा दिवस, म्हणजे महिन्याला ९०० रुपये. कोल्ड मिक्सचे सामान ४००, फेरी ४००, एकूण ८००. चार महिने टिकले तर महिन्याला २००. हॉट मिक्सला कापणे, रोलर धरून १५००. दोन वर्षे टिकले तर महिन्याला फक्त ६२ रुपये ५० पैसे!

म्हणजे सर्वांत स्वस्त सामान सर्वांत महाग पडले. कारण खर्च सामानाचा कमी, पुन्हा पुन्हा येण्याचा जास्त.

पण थांबा, हॉट मिक्सचा जयजयकार एवढ्यात नको. भर पावसात ओल्या खड्ड्यात ते टाकले तर लवकर थंड होते, नीट दबत नाही, चिकटतही नाही. महिन्यात उखडले तर तेच १५०० रुपये एका महिन्याला पडले, मुरमापेक्षाही महाग! म्हणून पावसात चांगले कोल्ड मिक्स आणि उघडीप मिळाल्यावर पक्के काम, हाच क्रम मला शहाणपणाचा वाटतो.

१९९१ मध्ये अमेरिका व कॅनडात आठ ठिकाणी बाराशेहून अधिक खड्डे वेगवेगळ्या रीतीने बुजवून त्यांचे आयुष्य मोजायला सुरुवात झाली. निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे : मिश्रण दर्जेदार असेल तर खड्ड्यात भरून ट्रकच्या चाकाने दाबलेले पॅचही, कापून केलेल्या पॅचइतकेच बहुतेक ठिकाणी टिकले. तिथले हवामान आपले नव्हे, पण हिशेबाची रीत तीच : एकूण खर्च भागिले आयुष्य.

या हिशेबात एक रक्कम मात्र धरलेलीच नाही. पाण्याने भरलेला खड्डा रात्री दिसत नाही आणि आपल्यातले कितीतरी जण दुचाकीवर असतात. मोडलेला हात किंवा गेलेला जीव कुठल्याच टेंडरमध्ये लिहिलेला नसतो. तो धरला, तर दर पंधरवड्याला उघडा पडणारा 'स्वस्त' खड्डा कुणालाच परवडणार नाही.

तेव्हा येत्या पावसाळ्यात कॉलेजच्या आसपासचे दहा खड्डे निवडा. कधी बुजवला, कशाने बुजवला, कधी उखडला, एवढेच वहीत लिहा. तारखा हातात असल्या की तक्रारीला वजन येते. आणि हो, मिनी प्रोजेक्टही होऊन जाईल!