सापडलेला कुत्रा कोणाचा?

गळ्यात पट्टा असलेला कुत्रा अंगणात येऊन बसला, मुलांना लळा लागला, म्हणून तो आपला होत नाही. अनुवाद २२:१-३ मध्ये भावाचे चुकलेले जनावर घरी सांभाळून, तो शोधत आल्यावर परत द्यायला सांगितले आहे. तिथे बैल, मेंढरू, गाढव आहे, कुत्रा नाही; पण हरवलेली प्रत्येक वस्तू त्यात आलीच. सापडलेले जाणूनबुजून ठेवून घेणे सातव्या आज्ञेविरुद्ध आहे, असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ (२४०९) सांगतो.

तेव्हा त्याला पाणी द्या, बांधून ठेवा, आळीत विचारा, पशुवैद्याकडून मायक्रोचिप तपासून घ्या. ‘माझाच’ म्हणणाऱ्याला आधी खूण विचारा. चावलाच, तर जखम साबणपाण्याने १५ मिनिटे धुवा, हळद-मिरची लावू नका, लगेच दवाखाना गाठा.