बुटाची नाडी

परवा तू नेपाळच्या मोहिमेसाठी सॅक भरायला बसलीस आणि माझ्याकडे वजनकाटा मागितलास. लुक्लाच्या छोट्या विमानात पंधरा किलोच्या वर सामान नेऊ देत नाहीत, म्हणालीस. काटा दिला, पण बोलायचं होतं ते राहूनच गेलं. तुझी आई समोर होती आणि तिच्या काळजीत मला भर घालायची नव्हती. म्हणून आज निवांत लिहायला बसले आहे. यातलं निम्मं मला उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतल्या उस्तादांनी शिकवलं, थोडं शेर्पा मंडळींनी, आणि काही माझ्या आजीने. तिने उभ्या जन्मात बर्फ पाहिला नव्हता.

आधी माझी एक गोष्ट सांगते. ती मी घरात कुणाला सांगितलेली नाही.

1984 च्या मे महिन्यात बचेंद्री पाल एव्हरेस्टवर पोहोचल्या आणि आम्हा मुलींना पंख फुटले. दुसऱ्याच वर्षी मी गढवालमधल्या एका सहा हजारी शिखराच्या मोहिमेत होते. पहिल्या कॅम्पवर संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं. जेवण जाईना. टीम लीडरने तंबूत डोकावून विचारलं, "ठीक?" मी म्हटलं, "एकदम ठीक." खाली पाठवतील या भीतीने म्हटलं. रात्रभर कण्हत काढली. सकाळी बुटाची नाडी बांधायला बसले तर गाठच जमेना. बोटं हलत होती, पण पहिला फास केल्यावर पुढे काय करायचं ते आठवत नव्हतं. चौथीतल्या पोराला येतं ते मला येईना. शेजारचा मुलगा बघत होता. तो काही बोलला नाही, उठून सरळ लीडरकडे गेला. मला तातडीने खाली नेलं आणि खाली पोहोचल्यावर दोन तासांत मी माणसात आले. पण मला एकटीला कसं सोडणार? तो मुलगा माझ्याबरोबर उतरला. त्याचं शिखर गेलं. पुढे नोकरी, संसार, वडिलांचं आजारपण. त्याला परत कधी हिमालयात जाता आलं नाही. आदल्या संध्याकाळी मी खरं सांगितलं असतं, तर कदाचित एक मुक्काम तिथेच थांबून आम्ही दोघंही वर गेलो असतो.

म्हणून पहिला आणि खरं तर एकच कानमंत्र: उंचीवर आपल्या शरीराबद्दल खोटं बोलायचं नाही. गाइड रोज सकाळी विचारेल, झोप लागली का, जेवलीस का, लघवी नीट होते का, डोकं दुखतं का. लाजायचं नाही, जसं असेल तसं सांगायचं. तो बोटाला ऑक्सिमीटर लावेल, पण त्या आकड्यापेक्षा त्याला तुझ्या तोंडचं उत्तर जास्त कामाचं असतं. डोकेदुखी ही तिथे बहुतेकांना होते, त्यात कमीपणा काही नाही. पाणी पिऊन, विश्रांती घेऊन थांबली तर ठीक. वाढत असेल, त्यात मळमळ आली, चालताना तोल जायला लागला, तर पुढे एक पाऊलही टाकायचं नाही. उस्ताद आमच्याकडून बर्फात रेघ ओढून घ्यायचे आणि टाचेला बोट लावून तिच्यावरून चालायला लावायचे. रेघेवरून पाय घसरला की मेंदूला सूज येत असल्याची ती खूण. आणि बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातून फेस आला, ओठ निळे पडले, तर ते फुप्फुसात पाणी. या दोन्हींवर औषध एकच: उतरायचं. रात्र असली तरी. गोळ्या, इंजेक्शनं, दाब वाढवणारी हवेची पिशवी हे सगळं उतरायला वेळ मिळावा म्हणून असतं.

असं का होतं तेही समजून घे. हवेतला प्राणवायू वर गेल्यावर टक्क्यांनी कमी होत नाही, तिथेही तो एकवीस टक्केच. दाब कमी होतो. आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे. एव्हरेस्टच्या बेस कॅम्पला, 5364 मीटरवर, एका श्वासात इथल्या जेमतेम निम्मा प्राणवायू छातीत जातो. एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्रकाठच्या एक तृतीयांश. शरीर याच्याशी जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात, आणि ते दिवस पैसे टाकून विकत मिळत नाहीत. म्हणून तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज तीनशे, फार तर पाचशे मीटरने वाढवायची आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम तिथेच करायचा. तुझ्या कार्यक्रमात नामचेला 3440 वर आणि दिंगबोचेला 4410 वर असे जादा दिवस आहेत. ते आरामाचे समजून गादीवर लोळू नकोस. दिवसा वर चढून ये, रात्री खाली झोप. कुणी म्हणेल, आपण चांगले ताजेतवाने आहोत, एक दिवस वाचवू. तू त्यात पडू नकोस.

आता चाल. इथे माझी आजी येते. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ती ब्रह्मगिरीच्या फेरीला जायची आणि मला बरोबर न्यायची. मी पळत पुढे जायची, दमून दगडावर बसायची, आणि आजी त्याच संथ चालीने माझ्यासमोरून निघून जायची. म्हणायची, "दिंडीच्या पावलांनी चाल, म्हणजे पंढरपूर येतं." निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकहून पंढरपूरला जाते तीही याच चालीने. नेपाळात याच चालीला "बिस्तारै, बिस्तारै" म्हणतात. बोलता बोलता चालता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की पाऊल लहान कर, थांबू नकोस. पुढे कोण गेलं, मागे कोण राहिलं, याच्याकडे बघायचंच नाही.

तयारी करण्याइतके डोंगर देवाने आपल्याकडे दिले आहेत. पांडवलेणीच्या पायऱ्या रोज सकाळी पाठीवर बारा किलो घेऊन चढतेस, ते चालू ठेव. हरिहरच्या कातळातल्या उभ्या पायऱ्यांवर खोबणीत हात घालून उतरताना नजर स्थिर ठेवायला शिकलीस, ते तिथे दोरावर कामाला येईल. कळसूबाईला बारीतून चढलीस, शिड्या झाल्या, माथ्यावर देवीला नमस्कार झाला, तरी ते 1646 मीटर आहे हे विसरू नकोस. तिथे पाय तयार होतात, रक्त नाही. घोटीची मंडळी नवरात्रात रोज कळसूबाई चढतात, त्यांच्यासारखं सातत्य हवं. 2018 मध्ये चंद्रपूरच्या आश्रमशाळांतली मुलं एव्हरेस्टवर पोहोचली तेव्हा मला भरून आलं होतं. त्यांच्याही सोबत शेर्पा होते, पण पाय त्या मुलांचेच होते. गाइड वाट दाखवतो, दोर लावतो, हवामान बघतो. तुझ्या वतीने श्वास मात्र तो घेत नाही.

दोराबद्दल एकच सांगते, बाकी तुला कोर्समध्ये शिकवलं आहे. अँकरपाशी दोर बदलताना आधी दुसरा कॅरॅबिनर पुढच्या दोरात अडकवायचा, त्याचं तोंड बंद झाल्याचा आवाज ऐकायचा, मग पहिला काढायचा. शंभर वेळा बरोबर केलंस तरी एकशे एकाव्या वेळी तितक्याच सावकाश कर, कारण चूक बहुतेक उतरताना होते. शिखर झालेलं असतं, मन घरी पोहोचलेलं असतं, आणि हात मात्र अजून दोरावर असतात. केसांच्या दोन घट्ट वेण्या घाल आणि जॅकेटच्या आत टाक. उतरताना सुटी बट आकड्यात ओढली गेली की माणूस अधांतरी अडकतो. अंगठी, बांगडी इथेच काढून ठेव, उंचीवर बोटं सुजतात.

खाण्याचं तुझ्या आईला सांगू नकोस, नाहीतर ती डिंकाचे लाडू देईल, आणि ते तिथे दगड होतात. चिक्कीही नको, दात जाईल. वर भूक मरते. आवडीचं पुढ्यात आलं तरी घास फिरतो. तेव्हा ओळखीचं, आंबट, खारट असं काहीतरी लागतं. मेतकुटाची पुडी ने. गरम भातावर तूप आणि मेतकूट, एवढ्यावर मी आठवडा काढला आहे. लिंबाचं लोणचं, शेंगदाण्याची चटणी, आमसूल. पिंपळगावचा बेदाणा उजव्या खिशात, अंगाच्या उबेत ठेव, म्हणजे चालता चालता चार-चार तोंडात टाकता येतात. उसळी टाळ, उंचीवर पोटात फार गॅस धरतो. पाच हजार मीटरवर पाणी त्र्याऐंशीच्या आसपास अंशांनाच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही. कुक दाइ (दाइ म्हणजे नेपाळीत मोठा भाऊ) पहाटे तीनला उठून कुकर लावतो तेव्हा तुझ्या ताटात वरण येतं. ताट परत करताना तुला हे माहीत असल्याचं त्याला तुझ्या चेहऱ्यावर दिसू दे. तीन-चार लिटर पाणी रोज प्यायचं, तहान नसली तरी.

रात्र मोठी असते. संध्याकाळी सहाला सूर्य डोंगराआड गेला की सगळं गोठतं. आपल्याला निफाडची थंडी म्हणजे कडाका वाटतो, पण तिथे तंबूच्या आतल्या बाजूला तुझ्याच श्वासाचं हिंव जमेल आणि सकाळी ते तुझ्या तोंडावर पडेल. गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून पायाशी घे. बॅटऱ्या, ओले रुमाल, बुटांची आतली अस्तरं, सगळं झोपायच्या पिशवीत. मध्यरात्री श्वास थांबल्यासारखा होऊन दचकून जाग येईल. घाबरू नकोस, ते तिथे बहुतेकांना होतं. लघवी लागली तर धरून ठेवू नकोस. रुंद तोंडाची बाटली आणि बायकांसाठी मिळतं ते नरसाळं घेऊन जा आणि इथेच न्हाणीघरात सवय कर. पाळी तारखेच्या आधी येऊ शकते. पॅड जादा ने. वापरलेले पिशवीत बंद करून खाली आण, आणि शेर्पांच्या चुलीत चुकूनही काही टाकू नकोस. चूल म्हणजे त्यांचा देव.

डायमॉक्स घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारूनच ठरव, सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही सांग. घेतलीस की बोटांना मुंग्या येतात, त्याने गांगरू नकोस. विम्याचा कागद स्वतः वाच. हेलिकॉप्टरने उतरवण्याचा खर्च त्यात आहे का, आणि किती मीटर उंचीपर्यंत आहे, हे बघ. लुक्लाची विमानं ढग आले की उडत नाहीत. परतीच्या तिकिटाआधी तीन दिवस मोकळे ठेव.

वाटेत याक आले तर डोंगराच्या अंगाला उभी राहा, दरीच्या नाही. मणींच्या भिंती आल्या की त्या उजव्या हाताला ठेवून जा, आपल्या प्रदक्षिणेसारखंच. मोहिमेच्या तळावर पूजा होईल, लामा धूप जाळतील, पीठ गालाला लावतील. मनापासून बस. शेर्पा त्या पूजेआधी डोंगरावर पाय ठेवत नाहीत.

आणि त्यांच्याबद्दल. तुझी ही पंधरा किलोची पिशवी कुणाच्या तरी पाठीवर जाणार आहे. पहिल्या दिवशी त्याचं नाव विचार, घरी कोण कोण आहे ते विचार, आणि त्याच्या पायात काय आहे ते बघ. 2014 च्या 18 एप्रिलला खुंबूच्या हिमप्रपातात एका सकाळी सोळा नेपाळी माणसं गेली. दुसऱ्यांच्या शिखरासाठी वाट तयार करत होती, ओझी नेत होती. तो दिवस मी विसरू शकत नाही. दाइ म्हण, दिदी म्हण, आणि बक्षिशी शेवटच्या दिवशी पाकिटात घालून, दोन्ही हातांनी, ज्याची त्याच्या हातात दे.

शिखराच्या रात्री एक-दोनला निघाल. गाइडने आधीच परतायची वेळ सांगितलेली असेल. ती घड्याळात लाव. माथा पन्नास मीटरवर दिसत असला आणि वेळ झाली, तर वळ. तेव्हा तुला माझा राग येईल, येऊ दे. तुझ्याबरोबर उतरणाऱ्या माणसाचं शिखर तुझ्या पायी जाऊ नये, एवढंच माझं मागणं आहे.

तुझ्या बुटांना मी काल नव्या नाड्या ओवल्या, जुन्या बाहेरच्या कप्प्यात आहेत, त्याही ने. आज रात्री जेवणं झाली की दिवा बंद कर, जाड हातमोजे घाल आणि अंधारात ती नाडी बांधून बघ. मग कॅरॅबिनर उघडून लावून बघ. दहा वेळा. मी उद्या सकाळी येऊन विचारणार आहे, कितीदा गाठ चुकली.