काटा पंधरावर आला, पण तापमान किती?

समजा तुम्ही पुढे डॉक्टर किंवा परिचारिका झालात आणि परदेशातील एखाद्या डोंगराळ भागात काही महिने सेवा करावयास गेलात. बरोबर औषधे आहेत, हत्यारे आहेत, मनात सेवाभाव आहे. आणखी काय लागेल? भौतिकशास्त्राचे एक प्रकरण लागेल, आणि ते विसरलात तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकेल!

नेपाळमध्ये एव्हरेस्टच्या वाटेजवळ खुंदे नावाचे शेर्पांचे गाव आहे. त्याची उंची 3,840 मीटर. तेनसिंग नोर्गे यांच्यासह 1953 साली एव्हरेस्ट सर करणारे एडमंड हिलरी यांनी 1966 साली येथे एक लहान रुग्णालय उभारले. पुढे अनेक वर्षे न्यूझीलंड व कॅनडा येथून आलेल्या स्वयंसेवक डॉक्टरांनी ते चालवले. एवढ्या उंचीवर शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक कशी करावयाची, याचा आपण विचार करू.

हत्यारे नुसत्या पाण्यात उकळली तर? समुद्रसपाटीला हवेचा दाब 76 सेंटिमीटर पाऱ्याइतका असतो आणि पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते. खुंदेला हा दाब सुमारे 48 सेंटिमीटरच भरतो. त्यामुळे पाणी 87 ते 88 अंशांनाच उकळू लागते. जाळ कितीही वाढवा, पाणी लवकर आटेल, पण अधिक तापणार नाही. पिण्याच्या पाण्यातील नेहमीचे रोगजंतू मारण्यास एवढी उष्णता पुरते. परंतु धनुर्वातासारख्या रोगांचे जंतू स्वतःभोवती कठीण कवच करून बीजाणूंच्या रूपात राहतात. ते 100 अंशांच्या उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत.

म्हणून ऑटोक्लेव्ह वापरतात. तो म्हणजे आपल्या प्रेशर कुकरचा थोरला भाऊच. दर चौरस इंचास 15 पौंड दाब ठेवला की आतील वाफ 121 अंशांवर जाते आणि तेथे 15 मिनिटांत बीजाणू मरतात. पुस्तकात असेच लिहिलेले असते. आता हाच ऑटोक्लेव्ह खुंदेला नेऊ. काटा पंधरावर आला. तापमान 121 अंश झाले का?

नाही! येथेच खरी मेख आहे. काटा आतील एकूण दाब दाखवत नाही. आतील दाब बाहेरच्यापेक्षा किती जास्त आहे, एवढेच तो सांगतो. 15 पौंड म्हणजे सुमारे 78 सेंटिमीटर पारा. समुद्रसपाटीला एकूण दाब 76 + 78 = 154 सेंटिमीटर होतो. खुंदेला तो 48 + 78 = 126 सेंटिमीटरच होईल. वाफेचे तापमान एकूण दाबावर ठरते, आणि 126 सेंटिमीटर दाबाच्या वाफेचे तापमान असते सुमारे 115 अंश.

सहा अंशांनी काय बिघडते, असे वाटेल. अशा बीजाणूंच्या बाबतीत ढोबळ नियम असा, की तापमान 10 अंशांनी उतरले तर तेवढेच बीजाणू मारण्यास दसपट वेळ लागतो. या हिशेबाने 6 अंशांच्या घटीला जवळजवळ चौपट वेळ लागेल. म्हणजे 15 मिनिटांच्या जागी तासभर! पुस्तकावर विसंबून पंधरा मिनिटांत झाकण उघडले, तर हत्यारे स्वच्छ दिसतील, पण निर्जंतुक नसतील.

यावर उपाय दोन. यंत्राची तेवढी क्षमता असेल तर दाब 154 − 48 = 106 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेवीस पौंड ठेवावा. क्षमता नसेल तर वेळ वाढवावा. झडपेवर जादा वजन ठेवून दाब वाढवण्याचे धाडस मुळीच करू नये, स्फोट होईल.

आणखी एक सावधगिरी हवी. आत हवा कोंडलेली राहिली तर डाल्टनच्या नियमाप्रमाणे एकूण दाबातील काही वाटा हवेचा असतो. समुद्रसपाटीलाही 154 पैकी निम्मा दाब हवेचा असेल, तर वाफेच्या वाट्याला 77 सेंटिमीटरच येतात आणि तापमान 100 अंशांच्या आसपासच राहते. काटा मात्र पंधराच दाखवतो! म्हणून आधी वाफेने सारी हवा बाहेर घालवावी, मगच झडप बंद करावी. कुकरच्या नळीतून वाफेचा जोरदार झोत आल्यावर आई शिट्टी ठेवते, ती याच कारणाने.

परक्या मुलखात सेवेला जाणाऱ्याने एवढा बोध घ्यावा. घरी शिकलेले आकडे घरच्या हवेत मोजलेले असतात. तेथे गेल्यावर ते पुन्हा तपासावेत, आणि तेथील माणसांना त्यामागचे कारणही शिकवून यावे, कारण स्वयंसेवक परततो, रुग्णालय तेथेच राहते. खुंदेच्या रुग्णालयात पूर्वी आरोग्य साहाय्यक असलेले शेर्पा समाजातील कामी तेंबा पुढे डॉक्टर झाले आणि 2002 साली त्यांनीच त्या रुग्णालयाची धुरा हाती घेतली.

करून पाहा : महाबळेश्वरची उंची सुमारे 1,350 मीटर आहे. दर 300 मीटरला उत्कलनबिंदू साधारण 1 अंशाने उतरतो, असे धरून तेथे पाणी किती अंशांना उकळेल ते काढा. सहलीला गेलात तर शिक्षकांच्या देखरेखीखाली तापमापी लावून उत्तर पडताळून पाहा.